चौकोनाला किती

मोर्विद आधी टॉवेलांवर ड्रॅगन छापायची,
बंदरावरच्या दुकानासाठी, दिवसाला तीनशे.
लाल ड्रॅगन, हिरवं गवत.
दुकान बुडालं तेव्हा लाकडी मुठीची रबरी पट्टी
तिनं पिशवीत टाकली आणि इथं आली,
स्वान्सीच्या खाडीकाठी, पिवळ्या दिव्यांच्या खोलीत,
जिथं एकच रंग छापतात.

काळा.

ग्राफाइटच्या पापुद्र्यांत घोटलेली काजळी,
थोडा डिंक, आणि डोकं धरेल असा वास.
जाळीवर ओतायचं, पट्टी तिरकी धरायची
आणि एका श्वासात ओढायची.
"श्वास तोडलास की रेघ दिसते," ती सांगते.
इल्टिड प्रबंध लिहितोय. तो श्वास कोंडून ओढतो,
आणि रेघ दिसते.

खालचे थर हुशार.
ते ऊन धरतात, फोडतात, वीज सुटी करतात.
वरच्या काळ्यानं ती फक्त वाहून न्यायची.
सोनं परवडत नाही म्हणून ठेवलेला हमाल तो,
आणि तोच वाटेत बसतो.

चार सुया टेकवून इल्टिड वाचतो :
अठरा. चौकोनाला अठरा ओहम.
चौकोन केवढा? मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.
केवढाही. नखाएवढा असो
की रग्बीच्या मैदानाएवढा, आकडा तोच.
मला ही थाप वाटली होती.
खरं सांगायचं तर अजूनही थोडी वाटते.

डिंक कमी केला. आकडा उतरला बारावर,
पण दुपारी थर पोपडे धरून गळाला.
डिंक वाढवला. थर घोरपडीसारखा चिकटला,
वीज मात्र दारातूनच परत.
काजळी वाढवली, तर भेगा.

कोळसा उगाळावा तितका काळाच,
मी त्यांच्या भाषेत, जमेल तसं, सांगितलं.
"आमच्या खोऱ्यानं कधी उगाळलाच नाही," मोर्विद म्हणाली,
"नुसता जाळला."
मग आम्ही तीन दिवस उगाळला.
डब्यातल्या गोळ्या रात्रभर खडखडत राहिल्या,
पहारेकरी तक्रार करून गेला.
आकडा : पंधरा.

सूक्ष्मदर्शकात पापुद्रे दिसले,
छपरावरून घसरलेल्या पाटीच्या दगडांसारखे,
कोण उभं, कोण आडवं, कोण नुसतंच टेकलेलं,
एकमेकांना जेमतेम कोपरा लावून.
मोर्विद बराच वेळ वाकून बघत राहिली.
"यांना कुणी नीट झोपवलंच नाही," म्हणाली.

सोमवारी तिनं गाडीतून एक धूड उतरवलं :
मावशीचं कपडे पिळायचं यंत्र,
दोन लाकडी रूळ, बिडाचं चाक.
इल्टिडनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

पहिला तुकडा चिरडला, आतल्या आत शॉर्ट.
दुसऱ्यावर तिनं केक भाजायचा कागद ठेवला,
स्क्रू अर्धा फेरा सैल केला,
आणि चाक फिरवलं, सावकाश,
कुणाचं तरी झोपलेलं पांघरूण सारखं करावं तसं.
फॉइल दुसऱ्या बाजूनं आली, तुळतुळीत,
काळ्यावर राखाडी चमक.

चार सुया.
सहा.
इल्टिडनं सुया पुसल्या. पुन्हा टेकवल्या.
सहा पूर्णांक एक.

कुणी ओरडलं नाही. त्यानं वही ओढली,
तारीख घातली आणि विचारलं, दाब किती होता?
मावशीच्या यंत्राला काटा नव्हता.
मोर्विदनं हात झटकले, विचार केला.
"डबल बेडच्या चादरीला लागतो तेवढा.
उशीच्या अभ्र्याला लागतो तो नव्हे."

त्यानं ते लिहिलं. मग खोडलं.
मग खोडलेल्याच्या वर, बारीक अक्षरात, परत लिहिलं.

ती बेसिनशी उभी राहून हात धूत होती.
पाणी बराच वेळ काळं जात राहिलं.
बाहेर खाडीवर ढग, दोन दिवसांचे.
गुरुवारी ऊन आहे म्हणतात.
तोवर दिव्याखाली मोजू.